बटणमहालातले छोटे काका

"या वास्तूत गेल्या शंभर वर्षांत उच्चारलेला एकही शब्द मेलेला नाही. तो भिंतींत जिवंत आहे, आणि आज तो बोलणार आहे," दोन्ही हात छताकडे नेत वास्तुवाणी महाराजांनी जाहीर केलं.

दिवाणखान्यात दाटीवाटीने बसलेल्या साठ माणसांनी श्वास रोखला. पहिला शब्द आला. तो "टप" असा होता. पाठोपाठ दुसराही "टप" असाच आला.

"पूर्वजांचे अश्रू," महाराज म्हणाले.

स्वयंपाकघरातला नळ पंधरा दिवस गळतोय हे घराच्या मालकीणबाईंना, म्हणजे आत्यांना, ठाऊक होतं. पण साठ माणसं डोळे पुसत असताना प्लंबरचा विषय काढणं बरं दिसत नाही.

बटणमहाल आत्यांच्या आजोबांनी सदऱ्याच्या बटणांवर उभा केला होता. दर्शनी भिंतीवर चार भोकांची गोल खिडकी, थेट बटणासारखी. शहरात तशी दुसरी नव्हती, आणि असावी असं कुणाला वाटलंही नव्हतं. आजोबांनी महाल बांधला, वडिलांनी तळमजला भाड्याने दिला, आणि आता वर आत्या एकट्या, खाली एक शिंपी आणि एक दातांचे डॉक्टर. थोरला भाऊ आणि वहिनी गेल्यावर त्यांच्या मुलाला आत्यांनीच लहानाचा मोठा केला. महाराजांना घेऊन आला तो हाच भाचा.

महाराजांनी खांबाला कान लावला. "हा महाल बांधणाऱ्याचा डावा अंगठा या दगडाखाली चिरडला होता."

खरं होतं.

"जिन्याची सातवी पायरी बदललेली आहे. एका सुनेच्या हातून पाण्याचा बंब निसटला होता."

ती सून म्हणजे आत्यांची आई. आत्यांच्या अंगावर काटा आला.

"वीस वर्षं त्या जिन्याने जातोय," शिंपी पुटपुटला, "मला नाही कधी पायरी काही बोलली."

"मला तर एक्स-रे काढल्याशिवाय दाढेतलंही दिसत नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी हात जोडले.

टेबलावर कागद तयार होता. महाल महाराजांच्या संस्थेला, संस्थेचा व्यवस्थापक भाचा, आणि आत्यांना मागची खोली, तीही हयातीपुरती. भाच्याने पेनाचं टोपण काढून दिलं. "आत्या, घराचीच इच्छा आहे. तू फक्त सही कर."

आत्यांनी पेन टेकवलं. महाराज तेवढ्यावर थांबले असते तर जिंकले असते. पण वाढलेल्या ताटात आणखी काही वाढण्याचा मोह भल्याभल्यांना सुटत नाही.

"थांबा. कोपऱ्यात कुणी उभं आहे. कुरळे केस, हातात क्लॅरिनेट. छोटे काका म्हणतात त्यांना. 'माझ्या पुतणीला सांगा,' म्हणतायत, 'सही कर, म्हणजे मी सुटेन.'"

भाच्याने रुमाल डोळ्यांना लावला. आत्यांनी पेनाला टोपण लावलं.

"काका कशाने गेले, महाराज?"

"प्रेमभंगाने. माळ्यावरच्या खोलीत."

"आणि वाजवायचे काय?"

महाराजांनी ओझरतं भाच्याकडे पाहिलं. भाच्याने जमिनीकडे. "काहीतरी दुःखी," महाराज म्हणाले.

"नसेल सांगता येत. ते मीच लिहायचं राहिलं," आत्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, ग्रंथालयात चाळीस वर्षं लोकांना "हळू बोला" सांगणाऱ्या बाईचा. "छोटे काका झालेच नाहीत. आमच्या जुन्या फोटोत कडेला एक अनोळखी माणूस आहे. फोटोवाल्याचा मदतनीस असावा. आमचं सगळं घराणं बटणं मोजण्यात गेलं. एक तरी गाणारं-वाजवणारं माणूस असावं म्हणून घराण्याचा इतिहास लिहिताना मी त्याला काका केला. अंगठा, पायरी, सगळं त्याच वहीत आहे. वही आजवर एकाच माणसाने नेली. 'टाईप करून पुस्तक छापतो' म्हणाला."

दिवाणखान्यात टप, टप, एवढंच ऐकू येत होतं.

"आत्या, तुझा काहीतरी गैरसमज..."

"झाला असता तर किती बरं होतं. वही दिली तेव्हा वाटलं, हा कुठली उघडतोय. तू वाचलीस. पाठसुद्धा केलीस. फक्त दुसऱ्याकडून वदवून घ्यायला."

महाराजांनी डोळे मिटून समाधी लावली. शिंप्याने त्यांच्या खांद्यावर टिचकी मारली. "उठा महाराज. माप मिळालंय तुमचं."

आत्या लोकांकडे वळल्या. "दगडाला काही आठवत नाही. आठवतं माणसाला, आणि ते माणूसच माणसाला सांगतो. उद्या कुणी तुमच्या घरातलं गुपित सांगितलं, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, याला हे सांगितलं कुणी. उत्तर बहुतेक घरातच बसलेलं असतं. मीही म्हणूनच विचारत नव्हते."

माणसं उठली. महाराज सातव्या पायरीवर अडखळले, पण त्यांना कुणी सावरलं नाही. दिवाणखान्यात भाचा एकटा उरला, कागदाची घडी करत, पुन्हा उलगडत.

"मी आता काय करू, आत्या?"

आत्यांनी नळाकडे कान दिला.

"वही तेवढी आणून दे. शेवटच्या पानावर प्लंबरचा नंबर आहे."