हँडलखालचा नॉब

मित्रांनो, माझ्यावर सध्या दोन टॉवेल, एक चादर आणि कुणाचे तरी मोजे वाळत घातलेत, तेव्हा मला ओळखायला तुम्हाला जरा वेळ लागेल. मी एक जुनी सायकल आहे. व्यायामाची. जन्मभर पायडल मारलं तरी जागची न हलणारी.

कारखान्यात मला जड लोखंडी चाक बसवलं आणि हँडलखाली एक काळा नॉब. तो आवळला की चाकावरचा पट्टा ताणला जातो आणि पायाला जोर लावावा लागतो. सैल केला की चाक आपलं उगाच गरागरा फिरतं. माझी सगळी किंमत त्या नॉबात आहे. व्यायामशाळेत बरीच वर्षं काढली मी. तरुण पोरं आरशात स्वतःकडे बघत मला दामटायची. मग नवी यंत्रं आली आणि माझी पाठवणी शिंपीकाकांच्या घरी झाली.

काकांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, वाचाही गेली. एक "हं" तेवढा उरला. दुकान घराच्या खालीच होतं, मुलगा ते चालवायचा. काकांना एकच ध्यास होता, मधला जिना आपल्या पायांनी उतरून आपल्या मशीनवर बसायचं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी काकांचा उजवा पाय पायडलला बांधला, नॉब बेताने आवळला आणि काकूंना सांगितलं, "थोडा दम लागू दे, थोडा घाम येऊ दे. जोर लावला तरच ताकद येते. रोज तुम्ही करून घ्या."

"घेईन की," काकू म्हणाल्या.

बाईंची पाठ वळली, काकांच्या कपाळावर घाम आला आणि काकूंनी तो पदराने टिपला. "आधीच काय कमी सोसलंय या माणसाने," असं पुटपुटत त्यांनी नॉब सैल केला. पार सैल. मग काय विचारता, पाय भराभर फिरायला लागले. मुलगा म्हणाला, "बाबा, आता शर्यतीत नाव घालू या तुमचं." शेजारीपाजारी बघून गेले, माझंही कौतुक झालं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सगळं डावा पाय करत होता, उजवा नुसता त्याच्यामागे फरफटत होता. बाई येऊन नॉब आवळायच्या तेव्हा काका लगेच थकायचे. "आज जरा बरं नाही त्यांना," काकू म्हणायच्या.

काकांना सारं कळत होतं. उभा जन्म शिवणयंत्राचं पायडल मारलेला माणूस तो, पायाखाली भार आहे की नाही हे त्यांना नाही कळणार तर कुणाला? ते डाव्या हाताने नॉबकडे बोट दाखवायचे. "हं, हं."

"जड जातंय होय? थांबा, अजून सैल करते," काकू म्हणायच्या.

काका जोरजोरात मान हलवायचे. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, ते बघून काकूंच्याही यायचं. दोघांच्या मध्ये मी मुकी उभी.

एके दिवशी मुलगा हौसेने म्हणाला, "एवढी सायकल मारताय, चला आज दुकानात." अर्ध्या जिन्यात काकांचा उजवा गुडघा दुमडला. मुलाने वेळीच धरलं म्हणून निभावलं. "काही उपयोग नाही हो त्या सायकलीचा," असं सांगून काकूंनी बाईंचं येणंही बंद केलं. खापर माझ्या डोक्यावर फुटलं. मी कुणाला काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू कपडे धूत होत्या. काका भिंत धरत धरत माझ्यापाशी आले. मशीनवर दोऱ्याचा ताण जुळवावा तसा त्यांनी डाव्या हाताने नॉब जरा जरा करून आवळला. मग सीटला धरून चढू लागले. तेवढ्यात काकू आल्या. "अहो, पडाल ना." त्यांनी काकांना हळूच पलंगावर नेऊन बसवलं आणि हातातली ओली चादर माझ्यावर टाकली.

मित्रांनो, तुमच्या घरी असं कुणी असेल तर त्याच्यावर पोटभर माया करा, पण त्याच्या वाटचे कष्ट काढून घेऊ नका. त्याला बोलता येत नसेल तर तो बोट कुठे दाखवतोय ते नीट बघा. आणि कधी या घरी आलात तर ही चादर तेवढी बाजूला करा. नॉब अजून काकांनी आवळला तसाच आहे. काका रोज पलंगावरून माझ्याकडे बघतात. बोट दाखवणं मात्र त्यांनी आता सोडलंय.