नेव्हीची खुर्ची

आमच्या सल्लागार समितीत नेव्हीची एक खुर्ची हाय, आणि तिच्यावर सुभेदार नाथाजी बसतो. नाथाजी पायदळाचा. नोकरीत एकदा अंदमानला बदली झाली, तवा बोटीनं गेला आणि वाटभर ओकला. तेवढ्या भांडवलावर गडी नौदलाचा प्रतिनिधी झाला. ह्याला म्हणायचं तरी काय?

मी कोंडीबा, म्हसवडचा. बापानं जन्मभर मेंढरं राखली, मी नेव्हीच्या जहाजाच्या इंजिनरूममधी उमर घातली आणि चीफ पेटी ऑफिसर होऊन घरी आलो. सातारा-सांगलीच्या माजी सैनिकांची समिती झाली तवा गेलो आणि म्हणलं, खुर्ची नेव्हीची हाय तर नेव्हीचा माणूस घ्या की. नाथाजी मिशीवर हात फिरवत म्हणला, "आरं कोंडीबा, तुमच्या म्हसवडला प्यायला पाणी न्हाई, आणि तुमी कसलं रं नेव्हीवालं?" सगळी खॅ खॅ करून हसली. हितं फौज म्हणजे पायदळ. बाकीच्यांनी मिरवणुकीत मागनं चालायचं, फोटोत कडंला उभं ऱ्हायाचं. अध्यक्ष वीरधवल साहेब रिटायर कर्नल, बोलायला लय गोड. "विचार करू, चीफ," म्हणले. त्यांचा विचार अजून चाललाय.

पर गोष्ट माझ्या खुर्चीची न्हाई. ती गेली खड्ड्यात. गोष्ट तौसीफची हाय.

तौसीफ तासगावकडचा, रहिमतबीचा एकुलता पोरगा, नेव्हीत जहाजावर हुता. वादळात मच्छीमारांची बोट बुडत हुती, तिला दोर टाकताना लाट आली आणि पोराला डेकवरनं घेऊन गेली. नेव्हीनं लय हुडकला. देह गावला न्हाई. शेवटी मृत म्हणून जाहीर केलं, वर्दीतला अधिकारी घरी येऊन टोपी काढून उभा ऱ्हायला. त्याला दोन वर्सं झाली.

आता साताऱ्यात समिती शहीद स्तंभ बांधतीया. आमच्याकडची रीत अशी, की जवान जिथं पडला तिथली तांब्याभर माती आणायची, ती स्तंभाच्या पायात घालायची, मग वर नाव कोरायचं. रीत चांगली हाय, मी नावं ठेवत न्हाई. पर तौसीफची माती कुठनं आणायची? म्या अर्ज दिला. नाथाजीनं त्यावर शेरा मारला, 'माती न्हाई, सबब नाव न्हाई. नौदल सदस्य.' नौदल सदस्य! वाचून माझं डोकंच सणकलं.

बैठकीला मी रहिमतबीला घेऊन गेलो. बेदाण्याच्या शेडवरच्या कामाचा खाडा करून, दोन एस्ट्या बदलून ती बाई आली हुती. तिला कुणी बस म्हणलं न्हाई. चहा मात्र सगळ्यांनी घेतला, बिस्किटं बुडवून.

म्या म्हणलं, "साहेब, पोरगं पाण्यात गेलं. पायात समुद्राचं पाणी घालू."

"पाण्यानं पाया ठिसूळ हुतो," नाथाजी म्हणला. शपथेवर सांगतो, असंच म्हणला, आणि चारपाच मुंड्या व्हय व्हय करत हालल्या.

"तांब्याभर पाण्यानं?"

"रीत ती रीत. उद्या कुणी बी येईल आणि बाटली भरून आणंल." मग मागं रेलून बसला आणि दात कोरत म्हणला, "आणि देह न्हाई, माती न्हाई, तर पोरगं मेलंच कशावरनं? गेलं असंल कुठं तरी पळून. हल्लीची पोरं काय सांगावीत?"

माझा हात उठला हुता. खरं सांगतो, त्या दिवशी त्याच्या मिशा हातात आल्या असत्या. पर रहिमतबी पुढं झाली.

"पळून गेला म्हणता?" ती म्हणली. आवाज चढवला न्हाई. "मग जित्ता हाय माझा तौसीफ?"

नाथाजीनं दात कोरायची काडी खाली ठेवली.

"तुमी नेव्हीचं ना, सुभेदार? मग जावा, हुडकून आणा त्याला. आवं, मी तुमच्या पाया पडते. दोन वर्सं घराला कडी न लावता निजते मी. रात्री आला तर दार वाजवायला लागू नये म्हणून." तिनं पदर तोंडाशी धरला, परत काढला. "आणता येत न्हाई, तर तो येणार न्हाई म्हणून दगडावर लिहा. मोठ्या माणसांनी दगडावर लिहिलं म्हंजे माझ्या जिवाला पटंल. मग मी कडी लावते. फातिहा पढायला माझ्या लेकराला कबर सुदीक न्हाई, साहेब."

वीरधवल साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणले, "तौसीफचं नाव कोरायचं. पाणी घालायचं. कुणाची हरकत?" कुणाच्या बापाची हिंमत हुती? सगळ्यांचं हात वर. नाथाजीचा बी, सगळ्यांच्या मागनं, हळूच.

मग टाळ्या सुरू झाल्या. ज्यांच्या हातात चहाचं कप हुतं ती बी कप खाली ठेवून वाजवाय लागली. जसं काय ह्यांनीच मोठी लढाई मारली. नाथाजी तर उठून उभा ऱ्हाऊन वाजवत हुता. वीरधवल साहेब माझ्याकडं वळून गोड हसले, "चीफ, नेव्हीची खुर्ची आता तुमची. या, बसा."

आणि तिकडं रहिमतबी खाली फरशीवर बसली हुती. दोन वर्सांत जी बाई कुणाच्या म्होरं रडली न्हाई, ती कपाळ बडवून हंबरडा फोडत हुती. तिचं पोरगं त्या खोलीत आत्ता मेलं हुतं, आणि ही गाढवं टाळ्या वाजवत हुती.

"बंद करा की रं त्या टाळ्या!" म्या वरडलो आणि तिच्याजवळ खाली बसलो.