बोटाखालची बोट

“चित्रात बोट काढशील तर परत येताना काढ,” एवढंच आबांनी क्षितिजाला सांगितलं होतं.

तेव्हा त्यांना अंधुक दिसायचं. रोज ते रेतीबंदराच्या धक्क्यावर जाऊन बसत आणि उजवीकडे, खाडीच्या मुखाकडे बघत राहत. विघ्नेशची रेतीची बोट तिथेच उलटली होती. बोट सापडली, मुलगा सापडला नाही.

क्षितिजा विघ्नेशची धाकटी बहीण. रसायनशास्त्र शिकून ती सातिवलीच्या एका गाळ्यात यंत्रांच्या पितळी पाट्या कोरायची. पत्र्यावर रोगणाचा थर द्यायचा, सुईने रेघ ओढायची आणि पत्रा रसायनात बुडवायचा. उघडी पडलेली रेघ तेवढी खाल्ली जाते. तशाच पत्र्यावर तिने बंदर कोरलं : गंजलेली क्रेन, रेतीचे ढीग, रेल्वेचा पूल, पलीकडची धुराडी आणि मधोमध परतणारी बोट. पाट्यांवरची अक्षरं सुलटी कोरतात. हे कागदावर छापायचं होतं, म्हणून तिने सगळं आरशातल्यासारखं उलटं काढलं. छापल्यावर एकूण एक गोष्ट जागच्या जागी उमटली.

तोवर काचबिंदूने आबांची नजर पुरती नेली होती.

पत्र्यावरच्या रेघा खोल होत्या, हाताला लागतील. तिने पत्राच त्यांच्या मांडीवर ठेवला.

“ही काय, दाराची पाटी? नाव कोनाचं टाकलंस?”

“बंदर आहे, आबा. बोट शोधा.”

“कोनतं? हाताची सगली हायत जाग्यावर.” आबा स्वतःच हसले. क्रेन, पाणी चाचपत त्यांचं बोट बोटीवर पोचलं. तिच्या टोकावरून दोनदा फिरलं आणि हसू विरलं.

“हिचं तोंड उजवीकडं हाय, बाय. ही जाते.”

क्षितिजाने छापलेला कागद पुढे केला. “पत्र्यावर उलटं असतं, आबा. छापल्यावर ती येतेच आहे. हा कागद बघा ना.”

“कशानं बघू?”

तरी त्यांनी कागदावरून हात फिरवला. शाईच्या रेघा त्यांना कळल्या नाहीत. पत्र्याच्या कडांनी दाबून उठलेली चौकट तेवढी लागली. “चौकट हाय. आत कोन नाय.”

दुसरा पत्रा कोरते, असं ती म्हणणार, तोच आबांनी मांडीवरचा पत्रा गर्रकन फिरवला, खालची कड वर. “हे बघ, आता डावीकडं झालं तोंड. आता येते.”

असा फिरवला की काय होतं, हे तिला ठाऊक होतं. आबांचं बोट टोकावरून मागे सरकलं, वर आलेल्या बुडावर गेलं आणि तिथेच थांबलं. बोट पालथी झाली होती.

बराच वेळ त्यांनी बोट उचललं नाही. मग पत्रा पुन्हा होता तसा केला, तोंड उजवीकडे.

“जाऊ दे,” आबा म्हणाले.