दाबा आता!

शेजारच्या नोहानं नवी गाडी आणली तेव्हा मी पेढा खाल्ला, पण तो काही गोड लागला नाही. कडाक्याच्या थंडीतही किल्ली फिरवली की गाडी सुरू! वर हा सांगणार, "काका, इंजिन गार हाय ते सेन्सरला कळतं. पेट्रोल किती जादा द्यायचं ते कंप्युटर ठरवतो." माझ्या फियाटीत ते मी ठरवतो. मला काय त्या डबड्यापेक्षा कमी कळतं?

एकतीस वर्षं दर रविवारी मी रोझीला, माझ्या बायकोला, त्या फियाटीतून चर्चला नेतोय. वीस मिनिटांचा रस्ता, आम्ही दोघंच. कोल्हारला हिवाळ्यात प्रवरेवरचं धुकं थेट अंगणात येतं. अशा वेळी चोकची दांडी पूर्ण ओढायची, म्हणजे कार्बोरेटरमध्ये हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. इंजिन खाकरत सुरू होतं. जरा गरम झालं की चोक आत दाबायचा, नाहीतर प्लग काळे पडतात. ती वेळ मात्र रोझी सांगते. स्वयंपाकघरात वेणी घालता घालता इंजिनाचा आवाज ऐकते आणि ओरडते, "दाबा आता!" एकदाही चुकली नाही.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी नोहा आणि मी एकाच वेळी गाड्यांत बसलो. "किती गुणाची गाडी हाय नोहाची," ओट्यावरून रोझी म्हणाली. झालं, माझं डोकं फिरलं. त्याच्या आधी सुरू करून दाखवतो म्हणून चोक ओढून मी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय आपटत सुटलो. नवशिकाही करणार नाही अशी चूक. प्लग पेट्रोलनं भिजले, अंगणभर वास सुटला आणि फियाट गप्प.

चर्चमध्ये पहिलं गीत रोझी उचलते, तिला उशीर चालत नाही. "या तुमी मागून," म्हणाली आणि नोहाच्या गाडीत बसून गेली. मी प्लग पुसत बसलो. नुसता जळफळाट झाला माझा.

पुढचे दोन रविवार तेच. फियाट धड सुरू होत होती, पण रोझी म्हणे, "नको, उगं जिवाला घोर." ती नोहाच्या गाडीत, आणि मागून फियाटीत मी एकटा, शेजारची सीट रिकामी. चर्चमध्ये तिचा आवाज जरा चांगला लागला, तर तोही मला नोहाच्या हीटरचा प्रताप वाटला. इतका मूर्ख झालो होतो मी. फियाट विकून टाकावी असंही मनात आलं. रोझी बसणारच नसेल, तर ठेवून करायचं काय?

नाताळाआधीच्या रविवारी नोहानंच हाक मारली, "काका, किती रुसाल? बसा की." मागच्या सीटवर रोझीशेजारी बसलो आणि दार मुद्दाम जोरात लावलं.

नोहानं किल्ली फिरवली. तेवढ्यात त्याची बायको एंजल विसरलेला मोबाईल आणायला घरात पळाली, म्हणून आम्ही थांबलो. गार इंजिनाचा आवाज चढा होता. रोझी खिडकीतून आमच्या फियाटीकडं बघत होती. थोड्या वेळानं आवाज आपोआप उतरायला लागला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "दाबा आता!"

"काय दाबायचं, काकू?" नोहा हसला. "हिला चोकच न्हाई."

रोझी लाजली. मग मला म्हणाली, "अवो, चला, उतरा."

"आन् गीत?"

"एक दिवस एंजल उचलील."

उतरताना नोहाकडं बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण बघितलं, चांगलं मान वळवून बघितलं.

वेणी कधीच झाली होती, तरी रोझी कुलूप काढून स्वयंपाकघरात गेली. मी चोक ओढला, अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावला नाही. फियाट खाकरली, सुरू झाली. दांडीवर हात ठेवून मी हाकेची वाट बघत बसलो.