निळ्या ठिपक्याचं पाणी

“खुर्च्यांवर कुणी बसू नका हं,” जहाज दाखवणारी मुलगी गोड आवाजात म्हणाली. ज्यांनी त्या खुर्च्या बोल्ट आवळून जमिनीत बसवल्या होत्या, ते दोघे माझ्या शेजारीच उभे होते. तेही बसले नाहीत.

जहाज मालकाच्या ताब्यात जाण्याआधी कामगारांनी ते घरच्यांना दाखवावं, असा आमच्या गोदीच्या साहेबलोकांना उमाळा आला होता. दीड तास, कामगारामागे एकच पाहुणा, आणि बुटांवर कापडी पिशव्या. मी पाइप फिटर. तीन वर्षं याच जहाजाच्या पोटात काढली. माझी पाहुणी म्हणजे माझी बायको. “एकदाच चल, तुला एक दाखवायचंय,” म्हणून आठवडाभर मागे लागलो, तेव्हा कुठे आली.

“अशी सात भोजनगृहं आहेत,” मुलगी सांगत होती. “एकात फक्त मासे, एकात फक्त गोड पदार्थ. प्रत्येक पाहुण्यापुढे पाच ग्लास.”

“पाच कशाला गं?” कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईने विचारलं.

“एक पाण्याचा, बाकीचे वेगवेगळ्या दारूंचे.”

“अगं बाई! म्हणजे धुणारीचं मरण.”

सगळे हसले. बायको हसली नाही. ती एका खानावळीत भांडी घासते.

सुताराने बायकोला आपला कठडा दाखवला. वायरमनने मुलाला खांद्यावर घेऊन झुंबर दाखवलं, जसं काही त्याच्या घरातच लागणार होतं. मी काय दाखवणार? फिटरचं काम सगळं भिंतीच्या मागे. ते दिसायला लागलं, तर समजावं की गळतंय.

पण मला तिला सहाव्या मजल्यावरची एक खोली दाखवायची होती.

आमची मुलगी चौदा महिन्यांपूर्वी गेली. नऊ वर्षांची. आदल्या दिवशी ताप आला होता, त्या दिवशी सकाळी अकराला बायकोचा निरोप आला की तिला दवाखान्यात नेलंय, लगेच या. मी सुपरवायझरकडे गेलो. तो म्हणाला, “ताप सगळ्यांच्याच पोरांना येतो. आज सहाव्या मजल्याच्या भिंती बंद करायच्यात. पाळी संपली की जा. आत्ता गेलास तर उद्या येऊ नकोस.” मी थांबलो. जाता आलं असतं, पण थांबलो. मुलगी चारला गेली आणि मी सातला पोचलो. बायको एवढंच म्हणाली, “तुम्हाला पाइप जवळचे.” तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं. मला रडताना तिने कधी पाहिलं नाही. मी तिच्यासमोर रडलोच नाही, हा माझा दुसरा गुन्हा.

सहाव्या मजल्यावरच्या नमुन्याच्या खोलीत पलंगावर चार उशा होत्या आणि टॉवेलची घडी घालून केलेला पक्षी. बायका पक्ष्याचे फोटो काढत होत्या. मी बायकोचा हात धरला आणि बोळातून सातवं दार गाठलं. दारांची कार्डावरची कुलपं अजून चालू झाली नव्हती. दार ढकलून तिला सरळ न्हाणीघरात नेलं.

“हे दाखवायला आणलंत?”

“नळावरचा निळा ठिपका दिसतो ना? त्या बाजूला फिरव. आणि हात धर खाली.”

पाणी आधी थंड आलं. मग कोमट. मग आरशावर वाफ धरली.

“हे तर गरम आहे.”

“हो. त्या दिवशी दुपारी जोडलेलं आहे. आठशे खोल्या जोडल्या मी, कुठे चुकलो नाही. इथे गरमाची नळी थंडाला लावली. समोर लाल-निळ्या पट्ट्या होत्या, मला दिसतच नव्हत्या. गळती तपासली तेव्हा जोडणी नापास झाली नाही, कारण ती गळत नव्हतीच. आठ दिवसांनी माझ्या लक्षात आलं.”

“मग नीट का नाही केलंत?”

“नीट केलं असतं, तर तुला काय दाखवलं असतं?”

तिने हात बाजूला घेतला नाही. बोटं लाल झाली.

“अगं, भाजेल.”

“भाजू दे,” ती म्हणाली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, तेवढ्यात दारात तोच सुपरवायझर उभा राहिला.

“इथे काय चाललंय? पाहुण्यांना ही खोली नाही.” त्याने पाण्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. “निळ्यातून गरम? कुणाचं काम हे?”

“माझं.”

“कमाल आहे बाबा तुझी! इतके पैसे मोजून येणारा माणूस भाजला असता म्हणजे? बायकोसमोर बोलायला लावू नकोस मला.”

बायकोने नळ बंद केला. “साहेब, तुम्हाला तो दिवस आठवतो का?”

“कुठला दिवस?”

तो सोंग करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. त्याला मनातल्या मनात रोज शिव्या घालायची मला सवय होती. त्या क्षणी एकही शिवी सुचली नाही.

“काही नाही,” ती म्हणाली. खुंटीवर पांढराशुभ्र टॉवेल होता. तिने हात स्वतःच्या कपड्यांना पुसला.

“उद्या सकाळी पहिलं काम हे,” सुपरवायझरने हातातल्या यादीत खोलीचा नंबर टिपला.

फाटकाबाहेर आल्यावर तिने विचारलं, “उद्या मी येऊ का तुमच्याबरोबर?”

“उद्या पाहुण्यांना सोडत नाहीत.”

सकाळी मी एकटाच गेलो. भिंतीची फळी काढायची, दोन नट सैल करायचे, नळ्यांची अदलाबदल करायची आणि पुन्हा आवळायचं. दहा मिनिटांचं काम. मला तास लागला. निळ्याकडे नळ फिरवून हात धरला. थंड पाणी आलं, इतर सगळ्या खोल्यांसारखं. यादीत त्या नंबरापुढे ‘दोष दूर केला’ असं लिहिलं, सही केली आणि तारखेच्या रकान्यात आजची तारीख घातली.