न दुखणारा हात

सोमवारी सकाळी साडेसात वाजता पवित्राने माझ्यात सुई घातली. नळीत लाल पाणी चढले, म्हणजे शीर लागली होती. तरी ती मुलगी खुर्चीवर बसून रडू लागली.

मित्रांनो, मी एक जुना रबरी हात आहे. खांद्यापासून बोटांपर्यंतच आहे. खांद्यापलीकडे माणूस नाही. बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात मला साच्यातून काढले आणि कातडीखाली बारीक नळ्या बसवल्या. त्याच माझ्या शिरा. बंगळुरूच्या एका रुग्णालयात, पुरुषांच्या वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत मी राहतो. नर्सिंगची परीक्षा पास होऊन आलेल्यांनी आधी मला टोचायचे आणि मग माणसांना, अशी इथली रीत आहे.

सुरुवातीला माझा मोठा मान होता. काम झाले की मला पुसून, पावडर लावून मऊ कापडात ठेवत. मग खोकणारी, डोळे मिटणारी एक नवी बाहुली आली आणि मी कपाटावर गेलो. तिथून एकदा पडलो, तेव्हा करंगळी तुटली. पुढे बाहुली बिघडली. तिला दुरुस्त करणारा माणूस अजून यायचा आहे. वीणाअक्कांनी मला खाली काढले, धूळ झटकली आणि म्हणाल्या, "चला महाराज, कामावर या."

वीणाअक्का म्हणजे वॉर्डातल्या सर्वांत जुन्या सिस्टर. नव्या मुलींना हाताशी धरून तयार करणे हे त्यांचे काम.

"शीर तर लागली. मग रडतेस कशाला गं?" त्यांनी पवित्राला विचारले.

"याची लागते, अक्का. माणसाची लागत नाही." पवित्रा खानापूरकडची, कामाला लागून जेमतेम महिना झालेली. "काल वॉर्डातल्या रघुजी आजोबांनी हात ओढून घेतला. सगळ्यांसमोर म्हणाले, 'या पोरीला माझ्याकडे पाठवू नका.' मी बाबांना फोन केलाय. रविवारी न्यायला येतायत."

"आणि गावी जाऊन काय करणार?"

"दादाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसेन. कागद ओरडत नाहीत."

अक्का हसल्या नाहीत. "पुन्हा एकदा टोच बघू."

पवित्राने माझ्या दंडाला पट्टा बांधला, कापसाने पुसले, टोचले. शीर लागली. मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिने तोंडातून शब्द काढला नाही.

चूक कुठे आहे ते अक्कांना दिसले. माझ्याशी कोण बोलणार? माझ्यावर हात बसलेली ही मुलगी रघुजींकडेही तशीच गेली होती. न बोलता हात धरला, न सांगता सुई घातली. मी दचकत नाही. माणूस दचकतो.

अक्कांनी खुंटीवरचा पांढरा कोट चढवला, स्वतःचा हात आत लपवला आणि बाहीतून मला बाहेर काढले. रघुजी चिकपेटेतले साड्यांचे व्यापारी. अक्कांनी त्यांचाच आवाज काढला.

"अय्यो! कोण तू? काय करतेस माझ्या हाताला?"

पवित्राने नुसता पट्टा उचलला.

"साडी घेतानासुद्धा माणूस आधी हात लावून बघतो. तू एकदम फाडायलाच निघालीस की!"

रडता रडता पवित्राला हसू फुटले. "आजोबा, मी पवित्रा. सलाईनची सुई बदलायची आहे."

"दुखेल?"

"नाही, अजिबात नाही."

"खोटं!" अक्कांनी मला हिसडा देऊन मागे घेतले.

"थोडं दुखेल. टोचताना मी सांगेन, तेव्हा हात हलवू नका."

"सरी, चालेल. आता टोच."

मित्रांनो, त्या आठवड्यात मला जन्मात पहिल्यांदा दुखले. अक्का माझ्या वतीने इतक्या मनापासून कळवळत, की वॉर्डबॉय यल्लाप्पामामा स्ट्रेचर घेऊन धावत आले. "कोण पडलं?" शुक्रवारी अक्कांनी बाही वर सारली आणि आपला हात माझ्याशेजारी टेबलावर ठेवला. "आता हा." पवित्रा थबकली. मग तिने नाव सांगितले, काय करणार ते सांगितले, शीर चाचपून पाहिली आणि टोचले. या वेळी अक्का 'अय्यो' म्हणाल्या नाहीत. मला माझ्या कामाचे फार समाधान वाटले.

मित्रांनो, कधी तुमच्या उशाशी एखादी नवी सिस्टर येईल. ती घाबरलेली असेल. तिच्यावर खेकसू नका. तिचे नाव विचारा आणि आपला हात स्थिर ठेवा. आणि माझ्यासारखे कोणी तुमच्या कामी आले, तर काम झाल्यावर पुसून जागेवर ठेवा. उरलेली चार बोटे मला हवी आहेत.

आज शनिवार. रघुजींचा हात सुजला आहे, सुई बदलावी लागणार. अक्कांनी ट्रे पवित्राच्या हातात दिला. "मी मागे उभी राहीन, पण बोलणार नाही."

दार किलकिले होते, म्हणून मला ऐकू आले.

"आजोबा, मी पवित्रा. सुई बदलायची आहे. थोडं दुखेल."

"अरे, तुला तोंड आहे होय? त्या दिवशी मला वाटलं, मुकी पोर पाठवली."

"त्या दिवशी घाबरले होते, आजोबा."

"आणि आज?"

"आजही."

खाट करकरली. मग रघुजींचा आवाज आला, "घे हात. स्वल्प जपून."

तेवढ्यात यल्लाप्पामामांच्या स्ट्रेचरचा धक्का लागून दार बंद झाले. पवित्राची भरलेली बॅग माझ्या टेबलाखाली आहे. तिचे बाबा उद्या यायचे आहेत. दारापलीकडून अजून तरी कोणी ओरडलेले नाही.