लाल तळवा

"आईचा आजार पोरीला नीट समजावून सांगा. नाहीतर ती स्वतःलाच दोष देत बसेल." मनाच्या आजाराच्या डॉक्टरबाईंनी माझ्या भावाला बजावलं होतं. भावाने पोरीला काहीच सांगितलं नाही. शेवटी वहिनीच्या गोळ्या बंद करून त्याने घरात एक बुवा आणला.

जिन्यापासून स्वयंपाकघरापर्यंत माणसं खेटून उभी. वहिनी भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होती. बुवा घरच्यांच्या तळव्यांना ओली हळद फासत गरजला, "घरातलीच एक नजर हिला खातेय! ज्याची नजर, त्याचा हात रक्त दाखवेल!"

भावाचा तळवा पिवळा. माझा पिवळा. दहा वर्षांच्या भाचीचा मात्र लालभडक!

"हीच ती! हिला आजच घराबाहेर काढा, आई उद्या उठून बसेल!"

"तरी मी म्हणतच होते, पोर घुमी आहे," शेजारणीने हात जोडले.

पोर रडली नाही. "आत्या, मी गेले की आई बरी होईल? मग जाते मी."

मला शिसारी आली. देवाचं नाव घेतल्याशिवाय मी पाणी पीत नाही, आणि हा मेला त्याच नावावर लेकराला आईची वैरीण ठरवत होता!

"सकाळपासून काय करत होतीस गं?" मी हळूच विचारलं.

"आईच्या चादरी सोड्यात धूत होते. बुवांनी जिन्यात विचारलंही, धुणं कोण करतं म्हणून."

मी मोरीतली सोड्याच्या पाण्याची बादली आणली, तिच्यात माझा हळदीचा हात बुडवला. लाल! "आता मलाही हाकला. बुवा, तुम्ही बुडवा बघू."

"आम्ही असल्या पाण्याला शिवत नाही!"

"अहो, पाणीच आहे, चावतंय का?" शेजारच्या शिंप्याने त्याचं मनगट धरून बादलीत घातलं. हळदीने माखलेली पाचही बोटं लाल!

"अगंबाई, बुवालाच बाधा!" हशा पिकला. बुवा चपला शोधू लागला. मला हसू आलं नाही.

"हळदीला सोडा लागला की ती लाल होते. हळदीचा डाग साबणाने धुताना आपण सगळ्यांनी पाहिलंय. तरी लेकराला हाकलायला निघालो! देवाने डोकं दिलंय ते नुसतं टेकवायला नाही."

भाचीला जवळ घेतलं. "आईचं मन आजारी आहे, बाळा. ते तुझ्यामुळे झालं नाही आणि तू गेल्याने बरं होणार नाही. त्याला औषध लागतं, आपली सगळ्यांची साथ लागते."

भाऊ खाली मान घालून म्हणाला, "तू कुठेही जायचं नाहीस. धुणं माझ्याकडे, तू शाळेत जा. उद्या आईला मी दवाखान्यात नेतो."

सकाळी त्याने वहिनीच्या पायांत चपला सरकवल्या, तिचा हात धरला आणि जिना उतरू लागला.